मांडीला बांधायचा गारवा

सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाहा. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या तोच घाट उतरल्यामुळे. माझी भाची ही शर्यत पहिल्यांदा धावली तेव्हा दुसऱ्या दिवशी आमच्या दुसऱ्या मजल्यावरून कठडा धरून, उलट्या पावलांनी, एकेक पायरी करत खाली आली. खाली पोचल्यावर म्हणाली, "मावशी, तू इतकी वर्षं फ्रीज नि एसीच्या कामात आहेस. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या मांडीला बांधता येईल असं काही गार करता येणार नाही का?"

त्या एका वाक्यात यंत्राची सगळी मापं आली होती. एसटीत बसून म्हणजे भिंतीतली वीज नाही, बर्फाची बादली नाही, गळणारं पाणी नाही, शेजारच्या प्रवाशाला त्रास नाही. आणि सातारा ते स्वारगेट, म्हणजे साधारण तीन तास. त्यानंतर कित्येक रविवार आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर याच कामात गेले. गार वस्तू तयार करणं हा यातला सर्वांत सोपा भाग निघाला. अडतं ते पुढे. कातडीखालच्या चरबीतून वाट काढून स्नायूतली उष्णता बाहेर आणायची कशी, आणि बाहेर आणल्यावर ती ठेवायची कुठे? हे ज्याला कळलं त्याला बाजारातला कुठलाही 'कूलिंग पट्टा' हातात घेऊन पारखता येईल, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आधी दुखतं का ते बघू. चढावर मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतारावर तोच स्नायू लांब होत असताना शरीराचं वजन तोलून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. अशा ताणाखाली स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, शरीर ती दुरुस्त करायला घेतं, त्या दुरुस्तीत थोडी सूज येते, नसा हुळहुळ्या होतात. हे सगळं हळूहळू घडतं, म्हणून दुखणं शर्यतीच्या दिवशी नाही तर २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोचतं. लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्याने दुसऱ्या दिवशी दुखतं हा समज अजून जिमपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे पसरलेला आहे. व्यायाम थांबल्यावर ते तासाभरातच ओसरतं. तेव्हा एखाद्या पट्ट्याच्या खोक्यावर 'लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर काढतो' असं छापलेलं दिसलं, तर त्या दाव्याला काही अर्थ नाही.

गारव्याने घडतं ते वेगळं. थंड झालेल्या नसांमधून वेदनेचा निरोप सावकाश जातो, रक्तवाहिन्या आकसतात, पेशींची ऑक्सिजनची भूक कमी होते. कातडी सुमारे १२-१३ अंश सेल्सियसपर्यंत उतरली की जागा बधिर वाटू लागते. पण दुखणं कमी होणं आणि स्नायू लवकर भरून येणं या दोन गोष्टी एक नाहीत, आणि इथेच बहुतेक जाहिराती गल्लत करतात.

१९७८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी दुखापतीसाठी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं अशी चौकडी सांगितली. 'राइस' या इंग्रजी आद्याक्षरांनी ती जगभर पसरली. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फामुळे भरून येण्याची प्रक्रिया लांबू शकते. २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १७ लहान चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. व्यायामानंतर थंड पाण्यात बसलेल्यांना नुसतं आराम केलेल्यांपेक्षा कमी दुखलं. अर्थात आपण थंड पाण्यात बसलोय हे बसणाऱ्याला माहीत असतंच, त्यामुळे त्यात मनाचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड आहे. आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की १२ आठवडे वजनं उचलताना प्रत्येक वेळी नंतर १० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं बसणाऱ्यांचे स्नायू, हलकी सायकल चालवणाऱ्यांच्या तुलनेत कमी वाढले, ताकदही कमी वाढली.

या सगळ्यावरून मी माझ्यापुरता निष्कर्ष काढला. असं यंत्र करावं ते उद्या पुन्हा मैदानात उतरायचंय अशांसाठी. लागोपाठ तीन दिवस सामने असलेली कबड्डीची पोरं, किंवा सोमवारी सकाळी उभं राहून काम करायचंय असा धावपटू. रोज जिममध्ये स्नायू कमावणाऱ्याने रोज गारवा बांधू नये. तो स्वतःच्या मेहनतीवर पाणी ओततो.

सव्वाशे ग्रॅम बर्फ

आता यंत्राकडे. सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करायची: गारवा आत घालता येत नाही, उष्णता बाहेर काढता येते. म्हणून पहिला प्रश्न 'किती थंड' हा नसून 'किती उष्णता' हा असतो.

ढोबळ हिशेब करू. मांडीच्या पुढच्या भागावर दोन तळहातांएवढी, म्हणजे सुमारे ४०० चौरस सेंटीमीटर जागा झाकायची आहे. आत स्नायू ३६ अंशांवर, कातडी १२ वर आणायची, मध्ये पाच मिलिमीटर चरबी. चरबीतून उष्णता किती सहज वाहते हे माहीत आहे (मीटरमागे, अंशामागे ०.२ वॅट). गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं ३५ ते ४० वॅट. एका लहान बल्बाएवढी उष्णता सतत उपसायची. बर्फ एका वेळी सोसवतो वीसेक मिनिटं; तेवढ्यात ती होते साधारण ४२ किलोज्यूल.

एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता पितो. म्हणजे आपल्या कामाला शुद्ध हिशेबाने सव्वाशे ग्रॅम बर्फ पुरतो! फ्रीजच्या ट्रेमधले आठ-दहा खडे. मी हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासलं. बर्फ स्वस्त आहे, बिनविषारी आहे, आणि वितळताना शून्य अंशांवर ठाम राहतो. गारव्याच्या कुठल्याही नव्या यंत्राला आधी या सव्वाशे ग्रॅमशी सामना द्यावा लागतो. बहुतेक यंत्रं तिथेच हरतात.

मग बर्फच का नको? बर्फाच्या पिशवीने माझ्या भाचीच्या अटी मोडतात. खडे टोचतात, मांडीवर सपाट बसत नाहीत, वितळलेलं पाणी डचमळतं. शून्य अंश हे तापमान कातडीला वीस मिनिटांपेक्षा जास्त सोसवत नाही, आणि आपल्याला तीन तास काढायचेत. शिवाय पिशवीच्या बाहेरच्या अंगाला एसटीतली गरम हवा आहे. ती बर्फ वितळवते, मांडीला त्याचा काही उपयोग नाही. पावसाळ्यात भरीस भर म्हणून दव. मुंबई-कोकणातली पावसाळी हवा २४-२५ अंशांच्या पृष्ठभागावरही पाणी सोडायला लागते. त्या हवेतलं १० ग्रॅम पाणी पिशवीवर जमलं की सुमारे २४ किलोज्यूल उष्णता पिशवीत शिरली. म्हणजे मांडीतून काढायच्या उष्णतेच्या निम्म्याहून जास्त. म्हणून पट्ट्याची बाहेरची बाजू फोमने झाकणं ही सजावट नाही. फोम पाहिजे बंद छिद्रांचा, योगा मॅट असते तसा. साधा स्पंज पाणी पितो, आणि ओला स्पंज उष्णता अडवत नाही.

डालडा आणि चायना ग्रास

चरबीचा थर किती महत्त्वाचा हे मला कागदावर माहीत होतं, पण डोळ्यांनी बघायचं होतं. माणसाच्या मांडीत थर्मामीटर खुपसता येत नाही. म्हणून खोटी मांडी केली. चायना ग्रास घट्ट शिजवून एका चौकोनी डब्यात ओतला. जिलेटिन इथे चालत नाही, ते शरीराच्या तापमानाला वितळतं. चायना ग्रास मात्र एकदा घट्ट झाला की ८० अंशांच्या पुढे जाईपर्यंत हलत नाही. हा झाला स्नायू. त्यात वरून एक सेंटीमीटरवर एक आणि तीन सेंटीमीटरवर एक अशा दोन बारीक तापमापक तारा. डबा कोमट पाण्याच्या परातीत ठेवून ३६ अंशांवर आणला. वर चरबी म्हणून डालडा, प्लास्टिकच्या पातळ पिशवीत लाटण्याने लाटून. एक पिशवी अर्ध्या सेंटीमीटरची, दुसरी एक सेंटीमीटरची.

पातळ डालड्यावर बर्फाची पिशवी ठेवली, तेव्हा वरच्या तारेचा आकडा बघता बघता उतरायला लागला. जाड डालड्यावर तीच पिशवी ठेवली आणि मी चहा केला, प्यायले, कप विसळला, तरी आकडा आपल्या जागी. पिशवीखालचा डालडा मात्र दगडासारखा थंड. बाहेरून हात लावणाऱ्याला वाटेल काम झालं. तीन सेंटीमीटर खालची तार तर दोन्ही वेळा जवळपास निवांत होती. आणि माझ्या डब्यात गरम रक्त फिरत नाही! खऱ्या मांडीत रक्त सतत नवी उष्णता आणून ओतत असतं.

यामागचा नियम असा, की थर दुप्पट जाड झाला तर थंडी आत पोचायला दुप्पट नाही, साधारण चौपट वेळ लागतो. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खऱ्या माणसांच्या मांड्यांवर हे मोजलं गेलं. चिमटीत धरलेली कातडी-चरबीची घडी एक सेंटीमीटरपर्यंत असेल तर चरबीच्या एक सेंटीमीटर खालचा स्नायू ७ अंशांनी थंड व्हायला बर्फाने सुमारे ८ मिनिटं लागली. घडी तीन ते चार सेंटीमीटरची असेल तर जवळजवळ ५९ मिनिटं. तेच यंत्र, तेच तापमान, आणि वेळेत सातपटीचा फरक. म्हणून 'सर्वांसाठी १५ मिनिटं' असं छापणाऱ्या यंत्राने माणसाकडे पाहिलेलंच नाही असं मी म्हणेन. बायकांच्या मांडीवर चरबीचा थर साधारणपणे जाड असतो. पुरुष खेळाडूंवर ठरवलेली मिनिटं त्यांना जशीच्या तशी लावणं ही चूक आहे.

मग जास्त थंड करून वेळ वाचवावा का? हा मोह सगळ्यांना होतो आणि तो धोक्याचा आहे. जुन्या घरांतला हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट आठवा. बर्फात खडे मीठ टाकलं की तापमान शून्याच्या खूप खाली, उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. फ्रीझरमधल्या मऊ जेल पॅकचं हेच होतं. तो गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल वगैरे घातलेलं असतं. मऊ आहे म्हणजे सौम्य आहे असं हाताला वाटतं, पण तो बाहेर येतो उणे १८ अंशांवर, बर्फाच्या खड्यापेक्षा खूप जास्त थंड. याच कामाच्या सुरुवातीला मी असा एक पॅक घाईत, मध्ये फडकं न घालता भाचीच्या पोटरीवर बांधला. दहाएक मिनिटांनी सोडला तर नाण्याएवढा पांढुरका डाग, दाबून जाणीव नाही. संध्याकाळी तिथे फोड आला. तो माझा हलगर्जीपणा होता आणि त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून आमच्या ओट्यावर एक नियम आहे: कातडीला लागणारी कुठलीही गोष्ट आधी माझ्या दंडावर, तापमान मोजून, पूर्ण वेळ. आणि फडकं ठेवायचं तर ओलं पिळून. कोरड्या टॉवेलात हवा भरलेली असते, ती गारवा आतच अडवून ठेवते.

गारवा आणायचा कुठून

बर्फ सोडून दुसरे मार्ग कोणते? शेतकऱ्यांना एक माहीत असतो. फवारणीसाठी बादलीभर पाण्यात युरिया विरघळवला की बादली हाताला गार लागते. विरघळायला युरियाला उष्णता लागते आणि ती तो पाण्यातून ओढतो. किलोमागे सुमारे २५० किलोज्यूल. औषधाच्या दुकानात मिळणारी, दाबून फोडायची 'इन्स्टंट' पिशवी याच तत्त्वावर चालते. परदेशात त्यात बरेचदा अमोनियम नायट्रेट असतं. ते जास्त गार करतं, पण स्फोटकांतही वापरलं जातं, म्हणून आपल्याकडे त्यावर २०१२ पासून वेगळे नियम आहेत. अशी पिशवी प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवायला छान. पण एकदाच चालते, आणि झपाट्याने गार होऊन तितक्याच झपाट्याने कोमट होते. कबड्डीच्या मैदानावर मारतात तो स्प्रे तर कातडीवरून उडून जाताना फक्त कातडीच गार करतो. मुका मार लागलेल्याला दोन मिनिटं बधिर करायला तो ठीक, स्नायूपर्यंत त्याची पोच नाही.

दवाखान्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वापरतात ती पाणी फिरवणारी पेटी मात्र तांत्रिकदृष्ट्या मला फार आवडते. पेटीत बर्फाचं पाणी, छोटा पंप, नळ्यांचं जाळं असलेला पट्टा. अपोलोच्या अंतराळवीरांच्या आतल्या कपड्यात अशाच पाण्याच्या नळ्या शिवलेल्या होत्या. ३५ वॅट उष्णता नेताना पाणी फक्त एक अंशाने तापावं असं वाटत असेल, तर मिनिटाला अर्धा लीटर प्रवाह पुरतो. माशांच्या टाकीतला लहानसा पंप तेवढं सहज देतो. पट्टा हलका, मऊ, सगळीकडे सारखा गार. पण पेटी, पाणी आणि बर्फ मिळून तीन-चार किलो. एसटीच्या मांडणीवर ठेवून खाली मांडीपर्यंत नळी आणायची म्हणजे वाहकाशी भांडणच.

आता पेल्टियर, कारण 'पोर्टेबल' म्हटलं की सगळ्यांचा हात तिकडेच जातो. १८३४ मध्ये फ्रान्सच्या ज्याँ पेल्टियर यांना दिसलं की दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज गेली की एक टोक गार आणि दुसरं गरम होतं. हे गृहस्थ मूळचे घड्याळं बनवणारे. आज पुण्यात तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळते ती पांढरी चौकोनी वडी चार सेंटीमीटर बाजूची असते, आत बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या. वीज दिली की क्षणात एका बाजूला दव धरतं. बघताना जादू वाटते, आणि कितीतरी प्रकल्प या जादूच्या क्षणीच सुरू होतात.

गोम अशी, की पेल्टियर उष्णता संपवत नाही, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे ढकलतो, आणि ढकलायला स्वतः भरपूर वीज खातो. आपल्या परिस्थितीत १ वॅट उष्णता उचलायला सुमारे २ वॅट वीज लागते असं धरा. मांडीतून ३५ वॅट काढायचे तर ७० वॅट वीज, आणि दुसऱ्या अंगाला ३५ अधिक ७०, म्हणजे १०५ वॅट उष्णता बाहेर टाकायची. मांडीवर बांधलेल्या पट्ट्यातून! त्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे पंख, वर आवाज करणारा पंखा, आणि तो पॅन्टखाली किंवा साडीखाली झाकला गेला की संपलंच. विजेचं गणित असं: १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास असतात. वीस मिनिटांना २३ लागतील. म्हणजे एक मांडी, एकदा. दुसरी मांडी चार्जिंगची वाट बघत बसणार.

याहून वाईट गोष्ट बंद केल्यावर घडते. पंखा थांबला, वीज थांबली, पण पंखांत साठलेली ५० अंशांची उष्णता तीन-चार मिलिमीटरच्या वडीतून उलटी मांडीकडे येते. आत्ताच बधिर झालेल्या कातडीवर चटका बसला तर तो कळतसुद्धा नाही. म्हणून पेल्टियर वापरणाऱ्याने कातडीच्या बाजूला एक आणि गरम बाजूला एक असे दोन तापमापक बसवावेत. त्याशिवाय प्रोग्रॅमवर अवलंबून नसलेला, तापला की आपोआप वीज तोडणारा एक यांत्रिक कटआउटही हवा. इस्त्रीत असतो तसा. वडीच्या कडा सिलिकॉनने बंद कराव्यात, नाहीतर दवाचं पाणी आत शिरून डाग दिलेले जोड गंजतात. आणि १६ चौरस सेंटीमीटरच्या वडीचा गारवा ४०० चौरस सेंटीमीटरवर पसरवायचा तर धातूचा पत्रा लागतो. पत्रा मांडीच्या गोलाईवर बसत नाही, आणि मध्ये राहिलेली हवेची फट सगळ्यावर पाणी फिरवते. पेल्टियर निरुपयोगी आहे असं नाही. मनगट, घोटा, कोपर अशा लहान जागी, अचूक तापमान हवं असेल तिथे तो चांगला. भरल्या मांडीसाठी नाही.

शेवटी आम्ही थांबलो ते खोबरेल तेलापाशी. म्हणजे तेल नव्हे, त्याची सवय. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते ती २४ अंशांच्या आसपास. बाटली उन्हात ठेवली की तेल वितळू लागतं, पण पूर्ण वितळेपर्यंत तापमान तिथेच रेंगाळतं. बर्फ शून्यावर रेंगाळतो, हे तेल चोविसाला. आपल्याला हवा असलेला आकडा मधला आहे. कारखान्यात असे पदार्थ आकडा ठरवून मिळतात. पॅराफिनच्या घराण्यातलं पेंटाडेकेन १० अंशांना वितळतं, हेक्साडेकेन १८ ला. क्षारांचेही प्रकार आहेत. १५ अंशांना वितळणारा पदार्थ घेतला, तर तो आपण होऊन १५ वर थांबतो. सेन्सर नाही, बॅटरी नाही, प्रोग्रॅम नाही.

१५ अंशांनी कातडी पुरती बधिर होत नाही, मग उपयोग काय? इथे वेळ कामाला येतो. शून्य अंश वीस मिनिटं सोसवतो, १५ अंश कित्येक तास सोसवतात, आणि चरबीचा थर ओलांडायला वेळच तर हवा असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक फुटबॉलपटूंनी सामन्यानंतर १५ अंशांच्या अशा पिशव्या तंग चड्डीच्या आत घालून ३ तास घालवले. त्यांचं दुखणं कमी राहिलं आणि स्नायूंचा जोर लवकर परतला. तीन तास! सातारा ते स्वारगेट.

पदार्थ किती लागेल? कातडी १५ अंशांवर आणि स्नायू हळूहळू गार होत जाणारा, म्हणजे उष्णतेचा ओघही मंद, सरासरी १२ वॅट धरू. तीन तासांत १३० किलोज्यूल. हे पदार्थ किलोमागे साधारण २०० किलोज्यूल पितात. म्हणजे एका मांडीला ६५० ग्रॅम, बाहेरून शिरणारी उष्णता धरून पाऊण किलो. जड आहे, पण बसून राहायचंय. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे तो पुन्हा गोठवायला फ्रीझर लागत नाही. रसवंतीवरून आणलेला बर्फ बादलीत टाकला, त्यात पिशव्या बुडवून ठेवल्या की झालं. शर्यतीच्या गावी हे मिळतंच.

शिवण आणि सावधगिरी

पदार्थ ठरला तरी अर्धं काम शिवणात आहे. एक मोठी पिशवी केली तर वितळलेला पदार्थ खाली उतरतो आणि वर रिकामी जागा राहते. म्हणून गोधडीसारखे कप्पे पाडायचे, प्रत्येक साधारण काडेपेटीच्या दुप्पट. कप्प्यांमधल्या शिवणीवर पट्टा दुमडतो, त्यामुळे आतला पदार्थ घट्ट असतानाही मांडीची गोलाई धरतो. वरून ताणणारा पट्टा हवाच. दाबामुळे हवेची फट जाते, चरबीचा थर किंचित पातळ होतो, रक्ताचा ओघही मंदावतो. पण किती दाब? पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, आणि पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा लाल झालं पाहिजे. पॅराफिन जळतं, त्यामुळे पिशवीला दुहेरी सील, आणि फाटली तर टाकून द्यायची, चिकटपट्टी लावायची नाही.

काही जागा पूर्ण वर्ज्य. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचं टोक हाताला लागतं. तिथून पाऊल उचलणारी नस अगदी कातडीलगत जाते. तिथे बर्फ घट्ट बांधल्याने पाऊल लुळं पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. कोपराच्या आतल्या अंगाचंही तेच. म्हणून आमचा पट्टा गुडघ्याच्या वर चार बोटं संपतो.

काही माणसांनीही हे वापरू नये. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेले, थंडीने बोटं पांढरी पडणारे, थंडीने अंगावर पित्त उठणारे. आणि नंदुरबार, गडचिरोली, विदर्भातल्या अनेक भागांत ज्याकडे विशेष लक्ष हवं तो सिकल सेल हा रक्ताचा आजार असलेले. या आजारात थंडीने लाल पेशींची गर्दी होऊन भयंकर कळा सुरू होऊ शकतात. आश्रमशाळांतून किती चांगले धावपटू येतात! त्यांच्या प्रशिक्षकाने गारवा बांधण्याआधी हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि यंत्राच्या पट्टीवर तो ठळक मराठीत छापलेला असला पाहिजे. विकायला काढायचं असेल तर २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम लागू होतात. त्यात धोक्यानुसार ए ते डी असे वर्ग आहेत आणि तुम्ही काय दावा करता यावर बरंच ठरतं. आमचा पट्टा अजून घरचाच आहे, म्हणून त्या वाटेला गेलेलो नाही.

यंदा भाची पुन्हा धावली. साताऱ्यात बर्फाच्या बादलीतून पिशव्या काढल्या, पुसल्या, सलवारखाली बांधल्या आणि एसटीत बसली. दुसऱ्या दिवशी जिना तोंड पुढे करून उतरली, कठडा धरून. पण हे पट्ट्यामुळेच असं मला म्हणता येत नाही. एकदा उताराचा मार खाल्लेला स्नायू दुसऱ्या खेपेला मुळात कमी दुखतो, हे शास्त्राला चांगलं माहीत आहे, आणि तिची ही दुसरी खेप होती. एका भाचीवरून काही सिद्ध होत नाही.

मला जास्त उपयोगी पडलं ते तिने स्वारगेटला उतरून फोनवर सांगितलेलं. ती म्हणाली, "मावशी, मधले कप्पे अजून कडक आहेत, पण कडेचे सगळे कधीच पाणी झालेत." कडेच्या कप्प्यांना बाहेरची हवा बाजूनेही लागते, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. आता फोम सगळ्या बाजूंनी तीन बोटं पुढे काढलाय आणि कडेच्या कप्प्यांत पदार्थ थोडा जास्त भरलाय. शिवण उसवून पुन्हा घालायला शिंपीकाकांकडे दिलंय, गुरुवारी मिळेल.